अख्खा दाणा

पंचफुलाबाईच्या डब्यात कणी सापडत नसे. नाचणगावच्या ख्रिस्ती मंडळीत ही गोष्ट लहानथोर सगळ्यांना ठाऊक होती, कारण सुधाबाईंनी ती वर्षानुवर्षं, संधी मिळेल तेव्हा, चर्चमध्ये समोर उभं राहून सांगितली होती.

आधी मुठीचं सांगायला हवं. बाई स्वयंपाकाला तांदूळ काढते, तेव्हा धुण्याआधी त्यातली एक मूठ बाजूच्या डब्यात टाकते. ती देवाची मूठ. रविवारी तो डबा चर्चमध्ये न्यायचा आणि दानाचं गीत सुरू झालं की पुढे जाऊन, पांढऱ्या कापडावर ठेवलेल्या मोठ्या पितळी गंजात सगळ्यांदेखत ओतायचा. जमलेलं धान्य मंडळीतल्या गरजू घरांना जातं. रीत जुनी आहे, चांगली आहे, आणि जिने कोणी ती घालून दिली तिच्या मनात काही वाईट नसणार. पण सगळ्यांदेखत ओतायचं म्हटलं की कोणाचा डबा किती भरला हे दिसतंच. डोळे मिटून प्रार्थना करणाऱ्या बायकांनाही ते कसं दिसतं, हे एक देवच जाणे.

सुधाबाई स्त्री मंडळाच्या अध्यक्ष. शाळेतून निवृत्त झाल्या तरी गावाच्या लेखी त्या बाईच राहिल्या. त्यांच्या घरी माणसं दोनच. मुलगा निशांत पुण्याला, आणि यजमान प्रभाकररावांचा भात साखरेच्या आजारामुळे बंद. मूठ काढायला रोज तांदूळ शिजायला तर हवा! तेव्हा सुधाबाई शनिवारी संध्याकाळी पिशवीचं तोंड उघडायच्या आणि डबा एकदमच भरून ठेवायच्या. देवाला काय, डबा भरल्याशी कारण, असं त्यांनी मनाला समजावलं होतं.

पंचफुलाबाईचं तसं नव्हतं. ती वस्तीच्या टोकाला एका खोलीत राहायची. नवरा चिंधू जाऊन जमाना झाला होता, पोटचं कोणी उरलं नव्हतं. तिचा डबा म्हणजे दुधाच्या पावडरचा जुना पत्र्याचा डबा, वरचं चित्र घासून घासून पार गेलेलं. पण तो गंजात ओतला की तांदूळ मोत्यासारखा सळसळत पडायचा. एक खडा नाही, एक तुकडा नाही. सुधाबाई तो हातात घेऊन दाखवायच्या. म्हणायच्या, ही विधवा बाई बघा, हिच्याजवळ काय आहे? आणि देते काय? आम्ही मात्र देवाला कणी देतो आणि अख्खा तांदूळ पाहुण्यांसाठी ठेवतो. समोरच्या बायका माना खाली घालायच्या. पुढच्या रविवारी सगळ्यांचेच डबे थोडे जड यायचे, म्हणजे उपयोग होत होता, नाही कसा?

त्या वर्षी स्त्री मंडळाचा विषय होता समाधान. दर महिन्याला सुधाबाई त्यावर बोलायच्या आणि बोलायच्या छान. समाधानावर बोलायला पोट भरलेलं असलं की बरं पडतं. जे आहे त्यात सुखी राहावं, अन्नवस्त्र असलं की आणखी काय हवं, असं त्या म्हणायच्या आणि उदाहरण ठरलेलं, तिसऱ्या बाकावर बसलेली पंचफुलाबाई. पंचफुलाबाई पदर तोंडाला लावून ऐकायची. अन्न आणि वस्त्र यांतलं पहिलं तिच्याकडे आहे की नाही, हे विचारायचं कोणाच्या डोक्यात आलं नाही. ज्या घरातून दर रविवारी भरलेला डबा येतो, ते घर रिकामं कसं असेल? गरजू कोण, हे स्त्री मंडळ डब्यांवरूनच ओळखायचं. ज्या बाईचा डबा यायचा थांबला, तिच्या घरी चौकशीला जायचं.

ही चूक मंडळीतल्या माणसांच्याच हातून होऊ शकत होती. बाहेरच्या माणसाने नुसतं तिच्या मनगटाकडे पाहिलं असतं तरी त्याला कळलं असतं.

बाहेरचं माणूस म्हणजे मेघा. पंचफुलाबाईच्या भिंतीला भिंत लागून तिचं घर, जयभीमवाल्यांच्या ओळीतलं शेवटचं. घरी शिलाई करायची. शाळेत ती सुधाबाईंच्या हाताखाली शिकलेली, म्हणून दिवाळीनंतर ब्लाउज द्यायला आली तेव्हा चहा घेऊन झाला तरी उठेना. मग एकदम बोलली.

"मॅडम, तुमच्या मंडळीतली पंचफुला आजी जेवत नाई."

सुधाबाईंना वाटलं, उपास धरला असेल. त्यांनी तसं म्हटलंही.

"उपास नाई मॅडम. घरात नाई काई. एक टाइम पेज करते, कणीची. आता त तेही रोज नाई."

मग मेघाने सगळं सांगितलं. राशनच्या मशीनवर आजीचा अंगठा उमटत नव्हता. जन्मभर निंदण-वेचणी करून बोटांच्या रेघाच पुसल्या होत्या. मेघा तिला घेऊन दोनदा तालुक्याला जाऊन आली, तिथे म्हणाले वर्ध्याला जा, वर्ध्याला म्हणाले आधी बँकेत जा. निराधार योजनेचे पैसेही त्याच अंगठ्यापायी अडकलेले. गुडघे गेल्यापासून शेतातलं काम सुटलं. पुलगावच्या एका किराणावाल्याकडे ती तांदूळ निवडायला जायची, तो बदल्यात कणी द्यायचा. पण आता त्याच्याकडेही पिशवीबंद माल येतो, निवडायला उरतं काय? आठवड्यातून एखादं पोतं असलं तर बोलावतो. त्या कणीत चुकून आलेले अख्खे दाणे आजी वेचून वेचून डब्यात टाकते आणि उरलेला चुरा शिजवते. मेघाने भाजी-पोळी नेऊन दिली तर सुरुवातीला घ्यायची. आता म्हणते, आमच्या मंडळीत सगळं आहे, तू आपल्या लेकरायले घाल.

सुधाबाईंच्या डोळ्यांसमोर पहिल्यांदा काय आलं, तर खीर. कापणीच्या सणाला पंचफुलाबाईच्या डब्याचा लिलाव व्हायचा, आणि दरवर्षी तो प्रभाकररावच घ्यायचे. त्या तांदळाची घरी खीर व्हायची. आशीर्वादाची आहे म्हणून प्रभाकररावांना तेवढ्या दिवशी साखरही चालायची. चूल न पेटणाऱ्या घरातला घास आपण वाटीत घेऊन, वर वेलची घालून खाल्ला, हे त्यांना कळलं आणि त्या खरंच हादरल्या. एवढं त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच त्या तांदूळ, तुरीची डाळ, कणीक, तेल असं पिशवीभर सामान घेऊन वस्तीत गेल्या. पंचफुलाबाई दारात सूप घेऊन बसली होती. सुपात ओंजळभर कणी. नाकाशी धरून बघावं तशी ती एकेक दाणा बघत होती. अख्खा सापडला की डाव्या हाताशी ठेवलेल्या डब्यात टाकायची. बाईंना पाहून उठायला गेली आणि भिंतीला धरून परत बसली. आत चूल होती, सारवलेली, स्वच्छ. जिच्यात राख पडत नाही ती चूल स्वच्छच राहणार.

पाण्याचा तांब्या पुढे करून तिने पिशवीकडे पाहिलं.

"हे काय आनलं बाई?"

"थोडं सामान आहे. असू द्या घरात."

"मंडळीनं पाठोलं काय?"

सुधाबाई अडखळल्या. "नाही, मीच आणलं. कोणाला सांगायची गरज नाही."

"मंग नाई घेत," पंचफुलाबाई म्हणाली, आणि पुन्हा सुपात बघू लागली.

सुधाबाईंनी समजावलं, थोडं रागावूनही पाहिलं, शाळेत पोरांना रागवायच्या तसं. पंचफुलाबाईने ऐकून घेतलं. मग डबा उचलून मांडीवर ठेवला आणि त्याच्यावरून हात फिरवत बोलली.

"हा डबा कुठचा, मालूम हाये काय तुमाले? माह्यं पोरगं दूध टाकून राह्यलं होतं. तवा मिशनच्या दवाखान्यातल्या बाईनं मांगच्या दारानं देल्ला. म्हने, कोनाले सांगू नोको, सगळे मांगतीन. मी पदराखाली झाकून आनला. पोरगं त वाचलं नाई. पन वस्तीत झालं, चिंधू अन् त्याची बायको डब्यावर गेले, डब्यासाठी बाटले. आमी त त्याच्या आंधीच गेलो होतो बाई. मनानं गेलो होतो. पन कोनाले पटन? हे मेले त मयतीत बी लोक तेच बोलले."

तिने सुपातला एक अख्खा दाणा उचलून डब्यात टाकला.

"तवापासून भरून भरून वापस करून राह्यलो. अख्खा दाना देवाचा, तुकडा आपला."

"फिटलं हो ते कधीच," सुधाबाई म्हणाल्या. "आता तुम्ही घ्यायचं."

"मी मांगनार नाई. पन मंडळीनं सगळ्यायसमोर म्हटलं, का पंचफुला आमची बहीन हाये, तिच्या घरी आज नाई, गंजातलं हे तिचं, त मी मान खाली घालून घेतो. त्यात लाज नाई. मांगच्या दारानं आलेलं मी नाई खात, बाई. एकडाव खाल्लं."

म्हणजे सगळं सुधाबाईंच्या चार शब्दांवर येऊन ठेपलं होतं. रविवारी उभं राहायचं आणि म्हणायचं, आजपासून गंजातला वाटा पंचफुलाबाईंच्या घरी जाईल. संपलं. त्यात पैसा लागत नव्हता, फार हिंमतही नव्हती लागत. "या रविवारी सांगते," असा त्यांनी शब्द दिला आणि पिशवी घेऊन परत निघाल्या. जाता जाता ती मेघाकडे ठेवली, तुझ्या नावाने दे म्हणाल्या. संध्याकाळी मेघाने पिशवी जशीच्या तशी आणून दिली. आजीने पिशवी ओळखली होती.

रात्री जेवताना त्यांनी प्रभाकररावांना सांगितलं. प्रभाकरराव म्हणजे वाईट माणूस नव्हे. सरकारी कचेरीत हयात गेली, पण वरची दमडी घेतली नाही. आता ते मंडळीचे खजिनदार होते, आणि त्यांच्या मनात एकच होतं, चर्चच्या फाटकावर दगडी कमान उभी करायची. कमानीवर शिळा, शिळेवर देणाऱ्यांची नावं. अर्धे पैसे जमले होते, उरलेले यंदाच्या कापणीच्या सणात जमतील असा त्यांचा हिशेब होता. सणाला लोक कोहळे, तुरीच्या शेंगा, कोंबडे, लोणच्याच्या बरण्या आणून अर्पण करायचे, आणि उपासनेनंतर अंगणात त्यांचा लिलाव व्हायचा. लिलावाची सुरुवात कायम विधवेच्या डब्याने. त्या डब्याला बोली चढली की मागच्या कोहळ्यालाही चढते, हे प्रभाकररावांना अनुभवाने माहीत होतं.

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, मग पाण्याचा घोट घेतला.

"सांग ना. कोन नाई म्हनते? पन सणानंतर सांग. आता सांगशील, का जिचा डबा आपन इतके वर्षं विकला ती उपाशी हाये, त लिलाव होईन का? लोक तोंडात शेण घालतील आपल्या. अन् तिलेच किती वाईट वाटेल, ते पाय. दोन रविवारचाच त सवाल आहे."

तिलाच वाईट वाटेल, हे सुधाबाईंना पटलं. माणसाला जे हवं असतं ते दुसऱ्याच्या भल्याच्या नावाखाली लवकर पटतं.

रविवार आला. पंचफुलाबाई तिसऱ्या बाकावर होती. दानाच्या गीताला तिने डबा ओतला आणि जागेवर जाऊन बसली. मग सूचना द्यायला सुधाबाई उभ्या राहिल्या. पंचफुलाबाईने मान वर केली आणि त्यांच्याकडे पाहत राहिली. आशाळभूत नव्हे, नुसतीच तयार होऊन, हजेरीत आता आपलं नाव येणार हे माहीत असलेल्या पोरीसारखी. सुधाबाईंनी सांगितलं की गायनाचा सराव संध्याकाळी आहे. लोणचं कोणी घालायचं, केक कोणी करायचा, तेही सांगितलं. आणि बसल्या. उपासना संपल्यावर दारात पंचफुलाबाईने नेहमीसारखा "जय ख्रिस्त, बाई" म्हणून हात जोडले. काही विचारलं नाही. गंजातला तांदूळ त्या दिवशी दुसऱ्या दोन घरी गेला.

पुढच्या रविवारीही तसंच झालं. फक्त त्या वेळी पंचफुलाबाईने मान वर केली नाही.

सण नोव्हेंबरअखेरीस होता. अंगणात मांडव पडला, केळीचे खांब लागले. चर्चच्या पाळकसाहेबांनी उदारपणावर उपदेश केला आणि चांगला केला. मग लिलाव. पंचफुलाबाईचा डबा टेबलावर आला, काठोकाठ भरलेला. त्या महिन्यात तिने काय खाल्लं असेल, हे त्या डब्याकडे पाहून कळत होतं. पण ते वाचता येणारी माणसं तिथे दोनच होती. प्रभाकरराव टेबलाशी बोली टिपत होते आणि सुधाबाई त्यांच्या मागे सुपारीएवढं तोंड करून उभ्या होत्या.

सुधाबाईंनी ठरवलं होतं, डबा टेबलावर आला की बोलायचं. ओठांपर्यंत आलंही. तेवढ्यात कोणी तरी पाच हजार म्हणालं, नागपूरहून आलेले एक पाहुणे आठ म्हणाले, टाळ्या झाल्या, आणि बोली अशी काही चढली की मधात बोलणं म्हणजे वरातीत खोकणं झालं असतं. शेवटी प्रभाकररावांनी एकवीस हजारांवर डबा घेतला. पाळकसाहेबांनी पंचफुलाबाईला पुढे बोलावून खांद्यावर शाल घातली. तिचा तोल गेला, दोघी-तिघींनी सावरलं. गहिवरली बिचारी, असं लोक म्हणाले.

जेवणाच्या पंगतीत ती बसली, पण दोन घासांनंतर हात थांबला. सवय मोडलेल्या पोटाला पुलाव झेपत नाही. सुधाबाई वाढता वाढता तिच्या पानाशी आल्या आणि वाकून हळूच म्हणाल्या, "येत्या रविवारी नक्की सांगते."

पंचफुलाबाई त्यांच्याकडे पाहून हसली. त्या हसण्यात राग असता तर सुधाबाईंना बरं वाटलं असतं.

"डबा तेवढा लवकर पाठवजा, बाई," ती म्हणाली. "पुढच्या आइतवारी लागन."

लिलावाचा तांदूळ ठेवून घेऊन रिकामा डबा परत द्यायची रीत होती. सुधाबाईंनी तो त्याच संध्याकाळी मेघाच्या हाती पाठवला.

शुक्रवारी सकाळी मेघा आली. या वेळी ती आत आली नाही, अंगणातच उभी राहिली.

"गेली आजी," ती म्हणाली. "दार लोटलेलंच होतं."

सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरने हृदय बंद पडल्याचं लिहून दिलं. वय पंच्याहत्तरच्या घरात, तेव्हा कोणाला शंका यायचं कारण नव्हतं. कागदावर भूक कोणी लिहीत नाही. मंडळीतल्या बायका तिला न्हाऊ घालायला गेल्या. मुठीत मावेल एवढी झाली होती ती. सणातली शाल घडी करून उशाला ठेवलेली. मडकी पालथी. एका फडक्यात थोडा चुरा, त्यात निम्मे खडे. आणि भिंतीशी तो डबा, तळ झाकेल इतका तांदूळ त्यात. सगळा अख्खा.

मयतीला वस्तीतलेही खूप लोक आले. मेघाने आणि तिच्या नवऱ्याने खांद्याला, पाण्याला, सगळ्याला हात लावला. कबरस्तानातून परतताना मेघाने सुधाबाईंना गाठून एवढंच विचारलं, "मॅडम, तुमी त म्हटलं होतं, सांगतो म्हनून. काऊन नाई सांगितलं?" मेघा उत्तरासाठी थांबली नाही.

दोन रात्री सुधाबाई झोपल्या नाहीत. रविवारी काय करायचं ते त्यांनी ठरवलं होतं, आणि या वेळी प्रभाकररावांना विचारलं नाही.

चर्च भरलेलं होतं. पांढऱ्या कापडावर गंजाशेजारी पंचफुलाबाईचा डबा ठेवला होता, शेजारी मेणबत्ती. पाळकसाहेबांनी तिच्याबद्दल दोन शब्द सांगितले. शेवटपर्यंत देत राहिली, शेवटच्या आठवड्यातली मूठसुद्धा विसरली नाही. मग म्हणाले, ज्यांना तिच्याविषयी काही सांगायचं असेल त्यांनी यावं.

सुधाबाई उठल्या. पुढे गेल्या. इतकी वर्षं ज्या जागी उभं राहून बोलल्या होत्या, त्याच जागी उभ्या राहिल्या.

"पंचफुलाबाई उपाशी होत्या," त्या म्हणाल्या. "म्हातारपणाने गेल्या नाहीत. महिने न् महिने त्यांच्या घरी एक वेळची पेज होती, मग तीही नव्हती. डब्यात यायचा तो तांदूळ त्या कणीतून वेचायच्या आणि स्वतः चुरा खायच्या. हे मला माहीत होतं. सणाच्या आधीच कळलं होतं. त्यांनी एवढंच मागितलं होतं, की मी इथे उभं राहून तुम्हाला सांगावं. मी शब्द दिला आणि सांगितलं नाही. लिलाव बिघडेल म्हणून सांगितलं नाही. आपण त्यांचा घास विकला, आणि मी तो खाल्ला."

त्या थांबल्या. आता कोणी तरी उठेल, काही तरी बोलेल, थुंकेल तरी, असं त्यांना वाटलं. त्यांना ते हवं होतं.

मागच्या बाकावरून एका बाईचा हुंदका आला. मग दुसरा. पाळकसाहेब पुढे आले, त्यांचे डोळे भरले होते, आणि त्यांनी सुधाबाईंच्या खांद्यावर हात ठेवला.

"बाईंनी किती नम्रपणे साक्ष दिली," ते म्हणाले. "पाहिलंत? स्वतः उपाशी राहून ही विधवा देत होती. आपल्याला कळूसुद्धा दिलं नाही. आपल्या मंडळीत, आपल्या काळात असं दान झालं."

"मला माहीत होतं," सुधाबाई पुन्हा म्हणाल्या.

पण तोवर आमेन, आमेन सुरू झालं होतं. त्यांनी बोललेल्यातलं अर्धंच लोकांना ऐकू गेलं, पंचफुलाबाईचं. उरलेलं अर्धं लोकांनी ऐकायच्या आधीच माफ करून टाकलं होतं. कारण सुधाबाईंना धरलं असतं तर गंजात डोकावणाऱ्या प्रत्येकाला धरावं लागलं असतं. आणि एवढी जड वस्तू रविवारी सकाळी कोण उचलतं?

कोण पहिलं बोललं ते नंतर कोणालाच सांगता आलं नाही. उजव्या बाजूने आवाज आला, हा डबा आता अमोल आहे, असा वाया जाऊ नये, कमानीसाठी पुकारा करा. पाळकसाहेब घुटमळले. उपासनेच्या मधात लिलाव कधी झाला नव्हता. पण तोवर एकाने पंचवीस हजार म्हटलं होतं, दुसऱ्याने तीस. लोक रडत होते आणि बोली लावत होते, दोन्ही मनापासून. खोटं कोणी नव्हतं, हेच वाईट.

सुधाबाई तिथेच डब्याशेजारी उभ्या होत्या. त्यांनी प्रभाकररावांकडे पाहिलं. ते पहिल्या बाकावर मान घालून बसले होते, कानशिलं लाल झालेली. बायकोने चारचौघांत घरचं सगळं सांगितलं होतं. मग हळूहळू त्यांचा हात वर आला.

"पन्नास हजार," ते म्हणाले.

आणि त्यांनी बायकोकडे पाहिलं, झालं ना आता, अशा नजरेने. कोणाला तरी जामिनावर सोडवून आणलेल्या माणसाची नजर असते तशी. पुढे बोली चढली नाही.

डबा घरी आला. संध्याकाळी प्रभाकरराव म्हणाले, कमान आता पूर्ण होईल, आणि शिळेवर पहिलं नाव पंचफुलाबाईचं घालू, आपलं खाली घालू. ते खरंच मनातून म्हणाले. मग विचारलं, "खीर करतेस का?"

सुधाबाई स्वयंपाकघरात गेल्या. डबा सुपात पालथा केला आणि दिव्याखाली धरला. बोटाने एकेक दाणा सरकवत त्यांनी एक कणी शोधली, निदान एक. सापडली नाही. एका माणसाला एका वेळेला होईल, एवढाच तांदूळ होता. त्यांनी तो धुतला आणि नुसता भात लावला, मीठसुद्धा घातलं नाही. शिजल्यावर ताटात घेतला आणि मागच्या दाराच्या उंबऱ्याशी, जमिनीवर बसल्या. टाकून देता आला असता, पुरता आला असता, मेघाच्या दारी नेऊन ठेवता आला असता. पण इतकी वर्षं त्यांनी हाच खाल्ला होता. आज फक्त काय खातो ते माहीत होतं.

त्यांनी पहिला घास घेतला, मग दुसरा, आणि ताट निपटून घेतलं. भात चांगला झाला होता. एकही खडा लागला नाही.